मला पाकीट मिळालं नाही

९ जानेवारी

आकडेवाल्या बाईसाहेबांस,

तू मला 'तुम्ही' म्हणालीस. सगळ्या धुलाईखात्यासमोर. "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" म्हणालीस, आणि मी मुकाट्याने बाहेर थांबले. ओल्या चादरींची ट्रॉली धरून, दाराशी, जशी कोणी पत्ता चुकलेली बाई. इस्त्रीच्या रोलरवरची जाडी माझ्याकडे बघून फिस्सकन हसली.

फोनवर तू हं-हं करून ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे. माझं अक्षर तुला माहीत आहे. चौथीनंतर हातात पेन आलं ते सही करायला. वाचता आलं नाही तर तुला शिकवणाऱ्या त्या मॅडमकडून वाचून घे, नाहीतरी तुझं सगळं त्यांच्याचकडून होतं.

आता मला सांग, तू आमच्या इस्पितळात अभ्यास करायला येणार हे मला कोणाकडून कळावं? तुझ्या बाबांना माहीत होतं. मुकादमाला माहीत होतं. मी मात्र तू पाटी-दप्तर घ्यायच्या आधीपासून इथे चादरींच्या घड्या घालते आहे, आणि मला कळलं ते जाडीकडून. "अगं, तुझी पोरगी येते आहे ना आमची पाठदुखी मोजायला!" म्हणाली. मी म्हटलं, "येते आहे की. मला काय नवीन सांगतेस?" खोटं बोलायला लावलंस तिच्यासमोर.

आलीस ती मॅडमच्या मागे. त्यांची पिशवी तुझ्या खांद्यावर. मी बाजारातून दोन्ही हात लांबवत येते तेव्हा दिसली नाही कधी तुला माझी पिशवी.

समजावून छान सांगितलंस, ते नाकारत नाही. ओल्या कपड्यांच्या ओझ्याने आमच्या पाठी आणि खांदे जातात. काम सुरू करायच्या आधी दहा मिनिटं ठरावीक व्यायाम केला तर फरक पडतो का, ते बघायचं. निम्म्या बायकांनी तो करायचा, निम्म्यांनी नेहमीसारखं राहायचं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. कोण कुठल्या गटात हे तू ठरवणार नाहीस, मॅडम ठरवणार नाहीत. बंद पाकीट ठरवणार. पिवळा कागद निघाला तर व्यायाम, निळा निघाला तर नाही.

शेजारच्या टेबलावरच्या चिमणीने त्या बारक्या आवाजात विचारलं, "आणि मला पिवळाच हवा असला तर?"

"मावशी, म्हणूनच तर पाकीट बंद आहे," असं म्हणून तू हसलीस.

मावशी! चिमणी तुझी मावशी कधी झाली? मला बहीण आहे हे मलाच माहीत नव्हतं.

पाकिटं वाटत वाटत माझ्यापर्यंत आलीस आणि पुढे गेलीस. मी हात पुढे केला होता. तुला दिसला. दिसला नाही असं म्हणू नकोस, तुझे कान लाल झाले होते. मॅडमनीच सांगितलं मग, गोड आवाजात, की अभ्यास करणाऱ्याच्या घरचं माणूस घेता येत नाही, नियम आहे. आणि मग तुझं ते 'तुम्ही'.

सगळ्या खात्यात मी एकटी बिनपाकिटाची. तुझा अभ्यास तुला लखलाभ.

तुझी (अजून तरी)
आई


२ फेब्रुवारी

बाईसाहेब,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

तू जुन्या चादरींच्या खोलीत टेबल मांडून एकेकीला आत घेतेस. दार लावतेस. दाराला काच आहे हे विसरतेस. मी मुद्दाम बघत नाही. घडीचं टेबल तिथेच समोर आहे, त्याला मी काय करू?

तासतासभर बोलता. बाहेर येतात त्या वेगळ्याच होऊन येतात. एरवी मुकादमाला शिव्या घालणारी जाडी काल डोळे पुसत आली. म्हटलं, "काय झालं? मारलं का पोरीने?"

म्हणाली, "नाही गं. किती बारीक विचारते! झोप लागते का, कुठल्या कुशीवर लागते, रात्री उठलं तर आधी काय दुखतं. माझ्या नवऱ्याने जन्मात विचारलं नाही."

मग माझ्या पाठीवर थाप मारून वर म्हणाली, "नशीबवान आहेस बाई. घरात अशी विचारणारी पोरगी!"

मी घडी घालत होते ती पुन्हा उलगडून पुन्हा घातली. काय सांगणार होते तिला? की घरात तू दोन वर्षांत आली नाहीस? की मी कुठल्या कुशीवर झोपते हे तुला माहीतही नाही? डाव्या. उजवा खांदा टेकवत नाही म्हणून. लिहून ठेव, कुठे उपयोगी पडलं तर.

आणि हे सगळं कशावरून, तर त्या एका दिवसावरून. तू मॅडमना घरी जेवायला आणलंस. सकाळपासून राबले होते मी. जेवताना तू सारखी, मॅडम म्हणतात असं, मॅडम म्हणतात तसं. मॅडमनी वाचायला दिलं, मॅडमनी फी भरली, मॅडमनी चष्मा बदलून घ्यायला लावला. बाबा बसले होते माना डोलवत. मी भात वाढायला गेले, त्या म्हणाल्या, "पुरे, अजून काही नको." माझ्या तोंडून गेलं, "घ्या हो. पोरगी तर घेतलीच आहे, भाताला कशाला लाजता?"

एवढंच. एका वाक्यासाठी तू ताटावरून उठलीस आणि मॅडमबरोबर निघून गेलीस. त्या मात्र जाताना हात जोडून म्हणाल्या, "जेवण फार चांगलं होतं." चांगुलपणाने मारणारी माणसं मला सहन होत नाहीत.

ते वाक्य मी परत घेणार नाही. खरं होतं ते.

आई


११ मार्च

बाईसाहेब,

थंडी गेली. बाबांचा खोकला गेला. चिमणीचा खांदा बरा आहे. का बरा आहे ते विचारू नकोस.

तुझी व्यायामवाली रोज सकाळी पिवळ्या बायकांना मागच्या हॉलमध्ये नेते. खांदे मागे, हनुवटी आत, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे, मग गुडघ्यातून वाकायचं, कमरेतून नाही. हे मला कसं माहीत? हॉलची खिडकी कपडे वाळवायच्या खोलीत उघडते. तिकडे बघायचं नाही असा नियम कोणी सांगितला नव्हता. मला तर कुठलाच नियम कोणी सांगितला नव्हता, मी बाहेर उभी होते.

घरी करून बघितलं. भिंतीला पाठ लावून हात वर सरकवते आहे तर बाबा आले. म्हणाले, "कोणी बंदूक दाखवली का?" बरेच दिवसांनी हसलो दोघं. मग म्हणाले, "पोरगी हेच शिकवते का तिकडे?" मी म्हटलं, "मला काय विचारता, तुम्हालाच फोन येतात तिचे." दर रविवारी गच्चीवर जाऊन बोलतात तुझ्याशी, हे मला कळत नाही असं वाटतं त्यांना. कपडे वाळत घालायला जातो म्हणतात. हातात एक रुमाल असतो.

जाडीला पिवळा कागद मिळालाय. त्या दिवसापासून तिचा तोरा बघवत नाही. चहाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवत असते, मान अशी फिरते, हात असा जातो. "आमच्या पोरीने आणलेला व्यायाम आहे," म्हणते. आमच्या! माझ्यासमोर! आणि शेजारी निळ्या गटातल्या बायका खांदे चोळत बसलेल्या. चिमणी मला म्हणाली, "तुझी पोरगी, तुझं घरचं, आणि आम्ही तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या. आम्हाला साधं करून बघायलाही मिळू नये का गं?"

माझ्या पोरीचं जे आहे त्याच्यावर माझा काही हक्क आहे की नाही, एवढंच विचारते.

चहाच्या सुट्टीत मी हल्ली चहा घेत नाही. वाळवायच्या मशीनच्या मागे जागा बरी आहे, ऊबही असते. बाकी काही लिहीत नाही.

आई


२८ मे

बाईसाहेब,

काल तू जाडीच्या डब्यातून खाल्लंस.

आधी वाटलं चुकून असेल. मग तिने दुसऱ्यांदा वाढलं आणि तू दुसऱ्यांदा घेतलंस. माझा डबा टेबलाखाली होता. तुला कांदा बारीक चिरलेला आवडतो म्हणून तसा चिरून आणला होता. तू येणार हे मुकादमाकडून आदल्या दिवशी काढून घेतलं होतं. शेवटी मुकादमालाच दिला डबा. त्याला काय, कांदा बारीक असो का जाडा.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. बाबांना फोनवर म्हणालीस तेच. अभ्यास चालू असेपर्यंत मी आईशी तिथे बोलू शकत नाही, लोक म्हणतील आईसाठी आकडे फिरवले. मग जाडीचं चालतं? तिच्यासाठी फिरवशील असं नाही वाटत कोणाला?

तू बारीक झाली आहेस. मॅडमना आकडे दिसतात, तुझी गळ्याची हाडं दिसत नाहीत.

इकडे माझी कॉलर ताठ आहे, तुला वाटत असेल आई कोपऱ्यात कुढत असेल, तर तसं नाही. मशीनच्या मागे आता चांगली गर्दी असते. चिमणी मला 'गुरुजी' म्हणते. मी म्हटलं, पाठ सरळ नाही तर छडी घेईन. करतात बिचाऱ्या. मी जे सांगते ते ऐकतात, आणि त्यासाठी मला कोणाला दार लावून आत घ्यावं लागत नाही.

खा जरा.

आई


१९ जुलै

पोरी,

आज तू पडद्यासमोर उभी होतीस. मी मागे भिंतीपाशी होते, तू बघितलं नाहीस.

दोन रेघा दाखवल्यास. पिवळी आणि निळी. दुखण्याची रेघ. दोन्ही वरून निघाल्या आणि हातात हात घालून खाली आल्या, जिना उतरणाऱ्या बहिणींसारख्या. मला तर बघून बरं वाटलं. सगळ्या बायकांचं दुखणं कमी! मी टाळी वाजवणार होते. मग तुझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळेतून हरून यायचीस तेव्हा खालचा ओठ आत घ्यायचीस, तसा घेतला होतास.

इस्पितळाचा मॅनेजर म्हणाला, "म्हणजे व्यायाम केला काय, न केला काय, सारखंच."

तू म्हणालीस, "फायदा नाही असं नाही म्हणता येणार. दोन गटांत फरक दिसला नाही, एवढंच म्हणता येतं."

"माझ्यासाठी एकच आहे ते. रोज दहा मिनिटं पगार देऊन उड्या मारायला लावायचं, त्याला मला कारण हवं. उद्यापासून बंद." आणि तो घड्याळ बघत उठला. तीन पाळ्यांना, बाहेरच्या दोन इस्पितळांना व्यायाम लागू होणार होता म्हणे, तेही बारगळलं.

मॅडमनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी भिंतीपाशी उभी राहून बघत होते. कोणाचा असायला हवा होता तो हात?

म्हणून घाईने लिहिते आहे. रडत बसू नकोस. तो मॅनेजर मूर्ख आहे. व्यायाम लागू पडतो, शंभर टक्के पडतो, मी सांगते ना. निळ्या बायका बऱ्या झाल्या त्या आपोआप नाही झाल्या. त्यांना मी शिकवलाय. मार्चपासून, मशीनच्या मागे, रोज चहाच्या सुट्टीत. तुझ्या व्यायामवालीपेक्षा कडक घेते मी. तेव्हा जा आणि सांग त्या मॅनेजरला, की पिवळ्याही व्यायामाने बऱ्या झाल्या आणि निळ्याही. म्हणजे तुझं दुप्पट खरं ठरलं की नाही?

तुझ्या मॅडमना हे सुचलं असतं का?

आई


२७ जुलै

पोरी,

पत्र मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं, आणि तेही ओरडायला. तरी सांगते, 'आई' असं लिहिलं होतंस वर. आणि आत 'तू' होतं. "तू काय केलंस हे तुला कळतंय का?" हे वाक्य बाबांनी दोनदा वाचून दाखवलं, मी तिसऱ्यांदा स्वतः वाचलं.

आधी नाही कळलं. बाबांनी टेबलावर दोन पेले ठेवले. म्हणाले, समज, एकात साखर घातली आणि एकात नाही, आणि चव घेणाऱ्याला विचारायचंय साखरेने काय होतं. तू गुपचूप दुसऱ्यातही साखर घातलीस. आता दोन्ही गोड. चव घेणारा म्हणणार, साखर घातली काय, न घातली काय, पाणी सारखंच लागतं.

मग कळलं. एवढं पेलाभर होतं तर आधी का नाही सांगितलंस? पाकिटं वाटून झाल्यावर सगळ्यांना गोल बसवून नियम सांगितलेस तेव्हा मला बाहेर काढलंस. निळ्या बायकांना बजावलं होतंस म्हणे, की सहा महिने थांबा, मग तुम्हालाही शिकवू. त्यांनी मला ते सांगितलं नाही. मी विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, खांदा दुखत असताना कोण सांगेल?

बाबांना मी फोनवर विचारायला लावलं, की त्या निळ्या बायका काढून टाकता येत नाहीत का. तांदळातले खडे काढतो तशा. काढल्या की उरलेल्यांचा फरक छान दिसेल, मॅनेजर गप्प बसेल, तुझं नाव होईल, कोणाला कळणार आहे? तू म्हणालीस, "आई सोडून कोणालाच कळणार नाही, आणि तरी करणार नाही." म्हणालीस, पाकिटाने जी जिथे टाकली ती तिथेच मोजायची, मग ती काहीही करो. पहिला आकडा जसा आला तसाच छापायचा. त्याच्या खाली वेगळं लिहायचं, की असं असं घडलं, निळ्यांपैकी अमुक जणी अमुक दिवसापासून व्यायाम करत होत्या. ते नीट कळलं तर मॅनेजरकडे पुन्हा सहा महिने मागता येतील. नाही कळलं तर फाईल बंद, आणि तुझी नोकरीही त्या फाईलबरोबर.

आकड्यांशी इतकं खरं वागता येतं तुला.

बरं. विचार मग. कोणाला शिकवलं, कधीपासून, काय काय, सगळं सांगते. दार लाव, टेबल मांड, तासभर बस समोर. मी तयार आहे. सहा महिने तयारच आहे.

आणि तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत काय, तर विचारायला मॅडम येणार! घरच्या माणसाची साक्ष घरच्या माणसाने घ्यायची नाही. पुन्हा नियम. तुमच्या त्या पुस्तकात माझ्याच विरुद्ध किती नियम लिहून ठेवलेत?

मॅडमना एक अक्षर सांगणार नाही. कळव त्यांना.

आई


१० ऑगस्ट

पोरी,

मॅडम आल्या होत्या. तुला कळलंच असेल, तुला त्यांचं सगळं कळतं.

मी ठरवून बसले होते. हाताची घडी, तोंड बंद. जुन्या चादरींच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं, दार लावलं. इतके महिने काचेतून जी खुर्ची बघत होते तिच्यावर बसले, तर खुर्ची डुगडुगते. कोणी बोललं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "पाणी घेणार?"

मी म्हटलं, "तुमच्याकडून काही घ्यायची सवय नाही. द्यायची आहे."

त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. मला वाटलं, आता गोड बोलतील. तर म्हणाल्या, "त्या दिवशी जेवताना तुम्ही बोललात ते मला लागलं होतं. अजून लागतं. म्हणून मी तुमच्याकडे परत आले नाही. त्यात तुमच्या मुलीचा दोष नव्हता."

बघ, पहिल्यांदा ती बाई माझ्याशी सरळ बोलली. गोडपणा नसला की माणूस बरं दिसतं. मी म्हटलं, "मग लागायलाच बोलले होते." त्या म्हणाल्या, "हो, कळलं मला." मग पाणी घेतलं मी.

तरी सांगत नव्हते. तेव्हा त्यांनी ते तुमचं प्रश्नांचं बाड काढलं आणि म्हणाल्या, "हे प्रश्न कोणी लिहिले माहीत आहे? मी लिहिले होते ते तिने सगळे खोडले." मी म्हटलं, "कोणी?" म्हणाल्या, "तुमच्या मुलीने. मी लिहिलं होतं, तुमचा खांदा किती दुखतो. ती म्हणाली, असं विचारलं तर माझी आई सांगेल, काही दुखत नाही, कामाचं बोला. असं विचारा, की कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा घरात कोण काढतं. बाबा फोनवर सांगतात, माझी आई तो डबा हल्ली त्यांना काढायला लावते आणि म्हणते, तुम्ही उंच आहात म्हणून."

मी पेला उचलून उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"प्रत्येक प्रश्न ती आधी तुमच्यावर लावून बघायची," म्हणाल्या. "याला आई काय म्हणेल, इथे आई चिडेल, इथे आई खोटं बोलेल. ज्या प्रश्नाला आई खरं सांगेल असं वाटलं तोच ठेवला. आणि तुम्हाला पाकीट द्यायचं नाही हे सांगायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी तिने मला गळ घातली, तुम्हीच सांगा म्हणून. 'तुम्ही' म्हणाली ना तुम्हाला? 'तू' म्हणाले असते तर रडले असते, असं म्हणाली नंतर गाडीत."

आता तूच सांग, हे मला मॅडमनी सांगावं? तुला तोंड नव्हतं? बाबांच्या फोनवर कांदे-बटाट्याचे भाव विचारतेस, आणि हे गाडीत मॅडमना सांगतेस! माझ्या अंगाची आग आग झाली. आणि त्यातच डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी बघितलं, आणि बघून काही म्हणाल्या नाहीत, त्यामुळे आणखी चिडले.

मग सांगितलं. सगळ्या बायका, एकेक करून. कोण कधी आली, कोण रोज यायची, कोण नुसती उबेला बसायची, कोण अर्ध्यातून सोडून गेली. मी सांगत होते, त्या लिहीत होत्या. मधेच म्हणाल्या, "सावकाश सांगा, तुमचं अगदी तिच्यासारखं आहे, श्वास घेत नाही." मी म्हटलं, "तिचं माझ्यासारखं आहे." तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरोबर. चुकलं माझं." तेवढ्याने मला किती बरं वाटलं ते तुला सांगत नाही.

त्यांनी विचारलं, "आणखी कोणी?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं बोलले.

आणखी एक आहे. निळीच आहे. तिला मी वाळवायच्या मशीनच्या मागे नाही, तिच्या घरी जाऊन शिकवलं, कारण ती सगळ्यांसमोर खांदा दाखवायला लाजते. तिचं दुखणं सगळ्यात जास्त उतरलं. ती धरली नाही तर तुझी खालची बेरीज चुकेल, हे मला आता पेल्यांवरून कळतं. तू ज्या तऱ्हेची आहेस, चुकीची बेरीज तुला छापवणार नाही.

कोण ते पत्रात लिहिणार नाही. बाबांना माहीत नाही, त्यांना गच्चीवर पकडून काही उपयोग नाही. मुकादमालाही माहीत नाही.

रविवारी ये. साक्ष घ्यायची नाही म्हणतेस तर घेऊ नकोस, टेबल मांडू नकोस, कागद काढू नकोस. जेवायला बस, मी सांगेन. मग जा आणि मॅडमना सांग, त्यांना माझ्याकडे पुन्हा विचारायला पाठव, मी तीच बाई त्यांनाही सांगेन, नियम पाळून, पाणी घेऊन.

पण एवढी एक गोष्ट त्यांच्या आधी तुला कळू दे.

आई